धर्म : (रिकामी जागा भरा)

जुलै उजाडला की आपल्या होस्टेलच्या व्हरांड्यात झेरॉक्सचे गठ्ठे आणि पासपोर्ट फोटोंचा मोसम सुरू होतो. प्रवेशाचा अर्ज, होस्टेलचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, व्हॅलिडिटीचा अर्ज. नाव, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक यांच्या मध्येच कुठेतरी एक छोटा रकाना असतो : धर्म. तो भरायला कुणाला दोन सेकंदही लागत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गुरुजींनी जे लिहिलंय, 'हिंदू-भिल्ल', 'हिंदू-पावरा', ते उतरवायचं की झालं काम. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात इतक्या सहज रिकाम्या जागा भरता आल्या असत्या तर केटी नावाची भानगडच राहिली नसती!

आता अर्ज ऑनलाइन झाले. रकाना मात्र जागेवरच आहे. उलट आता त्याच्या डोक्यावर लाल चांदणी असते, म्हणजे तो भरल्याशिवाय गाडी पुढच्या पानावर जातच नाही. मला या लेखात एवढंच विचारायचं आहे की ही लाल चांदणी तिथे लावायचा अधिकार कुणाला आहे? कायद्याने बघितलं तर उत्तर बरंच मजेशीर निघतं.

आधी आपल्याच जिल्ह्याचं घ्या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली सुमारे ६९ टक्के माणसं अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, आणखीही. आता यातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या घरी वाघदेव पुजतात, याहामोगी मातेला नवस बोलतात, डाबच्या डोंगराकडे हात करून पहिलं धान्य ठेवतात. होळीला काठीला जातात आणि तिथला बांबू उभा राहिला की त्यांचं वर्ष सुरू होतं. प्रकाशाला तापीत डुबकीही मारतात आणि सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला घोडेही बघून येतात. त्याचा चुलता कदाचित गुलामहाराजांच्या आप पंथाचा असेल. हे गुलामहाराज तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे. १९३८ च्या सुमारास त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमायचे आणि दारू सोडायची शपथ घ्यायचे. आणि त्याच मुलाची नवापूरकडची मावशी रविवारी चर्चला जाते.

या मुलाने त्या रकान्यात नेमकं काय लिहावं? 'हिंदू' लिहिलं तर चूक असं मी म्हणत नाही. खूप जणांना मनापासून तसंच वाटतं आणि तो त्यांचा हक्क आहे. काहींना वाटतं की आमचा धर्म 'आदिवासी'. काहींना प्रश्नच कळत नाही, कारण त्यांच्या बोलीत धर्माला वेगळा शब्द नाही. जे आहे ते रीत आहे. प्रश्न आहे तो लिहिणाऱ्याने ठरवायचं की अर्ज छापणाऱ्याने, एवढाच.

गंमत बघा. ज्याच्या दाखल्यावर 'हिंदू-भिल्ल' लिहिलंय त्याच्या लग्नाला हिंदू विवाह कायदा लागू आहे का? नाही! १९५५ च्या त्या कायद्याच्या कलम २ च्या पोटकलम (२) मध्ये स्पष्ट आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही तसंच वाक्य आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. नवरा संथाळ, बायको उरांव, दोघंही स्वतःला हिंदू धर्म मानणारे म्हणवत होते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं म्हणून बायको कोर्टात गेली. न्यायालय म्हणालं की तुम्हाला हिंदू विवाह कायदा लागू नाही, आणि दुसरं लग्न रद्दबातल ठरवणारी तुमच्या जमातीची रूढी तुम्ही सिद्ध केलेली नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हा बसत नाही. म्हणजे रकान्यात 'हिंदू' असूनही त्या बाईला त्याचा कवडीचा उपयोग झाला नाही. वारशाचंही तेच. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीच्या वारसांना जमिनीत हिस्सा दिला, तो हिंदू वारसा कायद्याने नव्हे. मुलीला वगळणारी रूढी कुणी दाखवू शकलं नाही, मग समानतेच्या तत्त्वाने दिला.

आणि आरक्षण? तिथे तर या रकान्याचा संबंधच नाही. १९५० चा अनुसूचित जाती आदेश धर्म बघतो. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध असे त्यात जोडले गेले. (महाराष्ट्रातल्या नवबौद्धांना या शेवटच्या तारखेचं महत्त्व सांगायला नको.) पण त्याच वर्षीचा अनुसूचित जमाती आदेश धर्माबद्दल अक्षर बोलत नाही. जमात म्हणजे जमात, तिची रीत, तिचा मुलूख, तिचं वेगळेपण. २००४ साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्म बदलला म्हणून कुणी आपोआप जमातीबाहेर जात नाही. तो अजून जमातीत आहे का, तिच्या चालीरीती पाळतो का, हे प्रत्येक प्रकरणात पुरावा बघून ठरवायचं.

इथे आपल्या भागातला सगळ्यात तापलेला विषय येतो, डीलिस्टिंग. ज्यांनी धर्म बदलला त्यांना जमातीच्या यादीतून काढा, अशी ही मागणी. ती आजची नाही. कार्तिक उरांव या काँग्रेसच्या खासदारांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ती संसदेत लावून धरली होती. या बाजूचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात की मिशनच्या शाळांमुळे पुढे गेलेले लोक जमातीच्या जागा घेतात, वर अल्पसंख्याक म्हणूनही सवलत घेतात, आणि अक्राणीच्या पाड्यावरचा पोरगा दोन्हीकडून मागे राहतो. त्या पोराचं मागे राहणं खरं आहे, आपण ते रोज बघतो. पण त्याचं कारण रविवारची प्रार्थना आहे का? धडगावच्या पाड्यावरून बारावी सायन्स करून इथवर येणाऱ्या पोराला विचारा, की तुला कुणी अडवलं. तो आधी रस्ता सांगेल, मग शिक्षक नसलेली आश्रमशाळा, मग इंग्रजी. यादीतून मावशीला काढलं म्हणून त्याच्या शाळेत गणिताचा मास्तर येणार नाही. मला तरी हा हिशेब जुळत नाही.

शिवाय एकदा का धर्म हा जमातीचा निकष झाला, की तो तपासणार कोण? व्हॅलिडिटीसाठी ज्यांनी नंदुरबारच्या तपासणी समितीच्या चकरा मारल्यात त्यांना 'ॲफिनिटी टेस्ट' माहीत आहे. तुमची कुलदैवतं कोणती, लग्नात काय करतात, मेल्यावर काय करतात, असे प्रश्न. खोट्या आदिवासींना गाळायला ही चाळणी लागते, हे मान्य. बोगस दाखल्यांनी आपल्या किती जागा खाल्ल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण धुळ्याच्या कॉलनीत वाढलेल्या, बाप एसटीत कंडक्टर असलेल्या मुलाला देवांची नावं सांगता आली नाहीत तर तो भिल्ल नाही? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात निकाल दिला की ही चाचणी म्हणजे लिटमस पेपर नव्हे. एकट्या तिच्यावर दावा मान्यही होत नाही आणि फेटाळताही येत नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमधला शब्द कोर्टाने वापरला म्हणून आपल्याला तो लवकर कळायला हवा.

आता लाल चांदणीकडे येतो. या विषयावरचा सर्वांत नेमका निकाल आपल्याच उच्च न्यायालयाचा आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलंय. महाराष्ट्रातल्या काही जणांनी सरकारी मुद्रणालयाकडे अर्ज केला की राजपत्रात आमचा धर्म 'ख्रिश्चन' ऐवजी 'कोणताही धर्म नाही' असा छापा. त्यांचं म्हणणं मोठं वेगळं होतं. आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही. मुद्रणालयाने अर्ज नाकारला. प्रकरण जनहित याचिका म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला : राज्यघटनेच्या कलम २५ मधलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणजे धर्म पाळायचं जसं, तसंच कुठलाच न पाळायचंही. सरकारी यंत्रणा कुठल्याही अर्जात कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, आणि 'माझा धर्म नाही' असं लिहिणाऱ्याला ते लिहू द्यावं लागेल.

दहा वर्षं उलटून गेली या निकालाला. पोर्टल बनवणारा प्रोग्रॅमर बहुधा त्या दिवशी रजेवर असावा! 'धर्म नाही' आणि 'सांगायचं नाही' असे दोन पर्याय ड्रॉपडाउनमध्ये टाकायला किती ओळींचा कोड लागतो, ते कॉम्प्युटर शाखेच्या मित्रांनी सांगावं.

कुणी म्हणेल, रकानाच काढून टाका ना. तेही बरोबर नाही. अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती धर्म विचारल्याशिवाय देता येत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्याला वर सांगितल्याप्रमाणे धर्म लागतो. म्हणून ज्याला धर्माच्या आधारे काही मागायचं आहे त्याला विचारा, आणि बाकीच्यांना विचारू नका. होस्टेलची खोली आणि मेसचं कार्ड द्यायला कुणाचा देव कोणता हे समजायची गरज नाही. मीठ जास्त पडलं तर ते सगळ्यांनाच खारट लागतं.

अमेरिकेत असतं तर ही चर्चा वेगळी झाली असती. तिथे १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला धर्म स्थापन करायलाच मनाई केली, जेफरसनने १८०२ च्या एका पत्रात त्याला चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत म्हटलं, आणि १९६२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली सरकारने ठरवून दिलेली प्रार्थना बंद केली. आपल्याकडे भिंत नाही. आपल्याकडे फार तर गावठाणाला असतं तसं काटेरी कुंपण आहे, आणि त्यात दोन्हीकडून ये-जा करायला वाटा ठेवलेल्या आहेत. पंढरपूरचं मंदिर १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांच्या हातून सरकारी समितीकडे आलं आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयातही तो कायदा टिकला. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात. देवळाच्या ट्रस्टच्या जमाखर्चावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. अस्पृश्यांना देवळात प्रवेश द्या हे घटनाच सांगते. सरकारने धर्माला हातच लावायचा नाही असं म्हटलं असतं तर देवळांची दारं उघडायला अजून किती पिढ्या गेल्या असत्या कोण जाणे. म्हणून मला अमेरिकन भिंतीचा फारसा हेवा वाटत नाही. पण कुंपणाच्या वाटेवरून सरकार कुणाकडे जातं आणि कुणाकडे जात नाही, यावर डोळा ठेवावाच लागतो.

त्याचं ताजं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत नवापूर भागातल्या अनधिकृत चर्चचा प्रश्न आला आणि चौकशी करून सहा महिन्यांत अनधिकृत बांधकामं काढू, असं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सांगितलं. आता कायदा काय म्हणतो? सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांवर मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावाने नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. जुनी असतील त्यांचा एकेक करून विचार करायचा. पुढे राज्य सरकारनेही नियमित करायची, हलवायची आणि पाडायची अशी वर्गवारी ठरवली. या आदेशात चारही नावं एका ओळीत आहेत. म्हणून सरकारी जागेवर परवानगीशिवाय बांधलेलं चर्च हटवायला माझा विरोध नाही. मात्र तीच फूटपट्टी घेऊन साहेबांनी शहादा-नंदुरबार रस्त्याने एक चक्कर मारावी आणि रस्त्याला टेकलेले ओटे, शेड, कमानी मोजाव्यात. यादी एकाच धर्माची निघाली तर समजावं की मोजणी बांधकामाची नव्हती. आणि स्वतःच्या शेतात, स्वतःच्या कुडाच्या घरात दहा माणसं जमून प्रार्थना करत असतील तर तिथे तलाठ्याचं काही काम नाही.

धर्मांतराबद्दलही दोन वाक्यं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे वैध ठरवताना म्हटलं की धर्माचा प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. आजारी बाईला 'औषध सोड, प्रार्थना कर' सांगणारा भेटला तर मी त्याच्याशी भांडेन, मग तो पास्टर असो की बडवा. पण त्याच निकालाचा उपयोग करून एखादी शहाणीसुरती बाई स्वतःच्या मनाने दुसरा देव मानू लागली तर तिला गावाने पाण्यावरून तोडावं, हे कुठल्या कायद्यात बसतं? जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमध्ये एका पास्टरचं प्रेत गावात पुरू दिलं नाही म्हणून जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली, आणि शेवटी २०-२५ किलोमीटर लांबच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं गेलं. बस्तर आपल्यापासून लांब आहे, पण तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत. सातपुड्याच्या या बाजूला तसं होऊ नये एवढं आपल्या हातात आहे.

आता आपल्या होस्टेलचं बोलू, कारण संपादकांनी 'जरा जवळचा विषय घे' असं बजावलंय. घटनेचं कलम २८ पोटकलम (३) प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत, किंवा तिला जोडलेल्या वास्तूत (वास्तूत म्हणजे होस्टेल आलंच की!), धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला कुणालाही त्याच्या संमतीशिवाय भाग पाडता येत नाही. अज्ञान मुलाची संमती पालकाने द्यायची, पण आपण अठरा पूर्ण केलेले आहोत, आपली संमती आपण द्यायची. खर्च पूर्ण सरकारी असेल, जसं आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत, तर पोटकलम (१) प्रमाणे तिथे धार्मिक शिक्षणच देता येत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. नाशिकमधल्या एका शाळेत एका शिक्षकाने प्रार्थनेला उभं राहायचं मान्य केलं, पण हात जोडायला नकार दिला. त्याची वेतनश्रेणी अडकली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण झालं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे गात नव्हती, म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. कुणाचीही प्रार्थना बंद झाली नाही. जो गात होता तो गातच राहिला.

म्हणूनच गणपती बसवू नका, असं मी सुचवतोय असा अर्थ कृपया कुणी काढू नये. मी स्वतः तीन वर्षं डेकोरेशन कमिटीत आहे आणि आरतीत माझा आवाज सगळ्यात बेसूर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं वर्गणीपुरतं आहे. आपल्या मेस बिलात 'उत्सव निधी' म्हणून दर महिन्याला जे वीस रुपये कापले जातात, ते कुणाला न विचारता कापले जातात. रोज्याच्या महिन्यात पहाटे चारला मेसमध्ये गरम चहा मिळेल का, असं आमच्या विंगमधल्या दोघांनी विचारलं तेव्हा मात्र 'तशी तरतूद नाही' असं उत्तर आलं. नाताळला नवापूरच्या पोरांनी कॉमन रूम दोन तास मागितली, ती मिळाली, पण आधी तीन सह्या आणाव्या लागल्या. गणपतीला एकही लागत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. जास्त संख्या असलेल्याला आपली रीत ही रीत वाटतच नाही, तो तिला सगळ्यांचा नियम समजतो.

येत्या महिन्यात मेस कमिटीची बैठक आहे. तिथे तीन गोष्टी लेखी मांडायचं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. होस्टेलच्या अर्जातला धर्माचा रकाना ऐच्छिक करावा. उत्सव निधी मेस बिलातून वेगळा काढून ज्याला द्यायचा त्याने स्वतंत्र पावतीवर द्यावा. कॉमन रूमसाठी सगळ्या सणांना एकच अर्ज आणि एकच सही असावी. रेक्टर सर 'बघू' म्हणालेत. सरांचा 'बघू' म्हणजे काय हे जुन्या मुलांना माहीत आहे, म्हणून अर्जावर सह्या जास्त हव्यात. कागद खोली नंबर १४ मध्ये ठेवला आहे. सही करताना नाव आणि खोली नंबर एवढंच लिहा, तिसरा रकाना त्यावर काढलेला नाही.